मदत हवी आहे : लहान पक्षाच्या धोरणांविषयी लोकांचे खरे मत कसे काढून घ्यावे? (नाशिक)

पाथर्डी_फाटा :
नमस्कार. रविवारी संध्याकाळी आमच्या पक्षाच्या शहर शाखेत जाहीरनाम्याची बैठक आहे आणि त्याआधी लोकमताचा तक्ता मला तयार ठेवायचा आहे. गेले सहा दिवस आम्ही सात जण घरोघरी जाऊन पाच आश्वासनांविषयी लोकांना विचारत आहोत. जवळजवळ प्रत्येक जण पाचही आश्वासनांना 'हो, चांगले आहे' म्हणतो. मात्र 'मग आम्हाला मत द्याल का?' हा शेवटचा प्रश्न आला की तोच माणूस विषय बदलतो, नाहीतर 'बघू' म्हणून दार लोटून घेतो. हा तक्ता आहे तसा मांडला, तर पाचही धोरणांना भरघोस पाठिंबा आहे असे दिसेल, आणि तसे नाही हे मला दारात उभे राहून कळते आहे. प्रश्न कसे बदलावेत? कृपया आजच उत्तर द्यावे. 'आधी पक्ष मोठा करा' हा सल्ला मात्र नको, तो वर्षानुवर्षे ऐकतो आहे.

गोदातीर :
उत्तर देता येईल, पण तुम्ही बरेच काही गृहीत धरले आहे. पाच आश्वासने कोणती? कोणत्या वस्तीत फिरलात? दिवसाच्या कोणत्या वेळी? घरे कशी निवडली, एका गल्लीतली सलग की मतदार यादीवरून? मी तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे. एवढे कळल्याशिवाय प्रश्नांच्या भाषेला हात लावणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देणे होईल.

सातपूरकर :
प्रश्न बदलून काही होणार नाही, कारण लोक धोरणांवर मत देत नाहीत. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २००९ मध्ये शहरातील विधानसभेच्या पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा जिंकल्या, २०१२ मध्ये महापालिकेत १२२ पैकी ४० नगरसेवक निवडून आणले आणि महापौरपदही मिळवले. २०१४ मध्ये त्या पक्षाने राज्याचा सविस्तर विकास आराखडा प्रसिद्ध केला, एवढे लेखी काम त्या वेळी फार थोड्या पक्षांनी केले असेल, आणि त्याच वर्षी विधानसभेत त्यांची एकच जागा आली. नाशिकमध्ये गोदापार्क, पांडवलेण्याजवळचे वनोद्यान, शस्त्रसंग्रहालय ही कामे लोकांनी डोळ्यांनी पाहिली. तरी २०१७ मध्ये नगरसेवक उरले पाच. तक्ता करण्याऐवजी उमेदवाराला दशक्रियेला, लग्नाला, हळदीला पाठवा. लोक माणूस पाहतात.

अनघा_ना :
सातपूरकर, आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून तुम्ही काढलेला अर्थ मला पटत नाही. २०१२ मध्ये प्रभाग दोन सदस्यांचे होते, २०१७ मध्ये बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. एवढ्या मोठ्या प्रभागात लहान पक्षाला चार उमेदवार मिळवण्यापासूनच दमछाक होते. शिवाय २०१७ च्या आधी त्या पक्षाचे अनेक नगरसेवक दुसऱ्या पक्षांत निघून गेले, त्यामुळे ज्यांचे काम लोकांनी पाहिले होते तीच माणसे दुसऱ्या चिन्हावर उभी राहिली. तेव्हा लोकांनी धोरण नाकारले की ते राबवणारा उरला नाही म्हणून मत बदलले, हे नुसत्या जागांवरून सांगता येत नाही. धागाकर्त्याला हेच तर शोधून काढायचे आहे.

मखमलाबाद :
या निमित्ताने एक गोष्ट सांगतो. लहान पक्षाने धोरणांआधी चिन्हाची काळजी घ्यावी. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी मतदारसंघात, 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावरचे उमेदवार निवडून आले, पण नुसते 'तुतारी' हे चिन्ह मिळालेल्या, त्याच आडनावाच्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. तुमचे चिन्ह काय आहे, ते राखीव आहे की मुक्त यादीतले, याचा विचार केला आहे का?

पाथर्डी_फाटा :
मखमलाबाद, मी चिन्हाविषयी विचारलेले नाही. गोदातीर ताई, आश्वासने अशी आहेत : पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना घरपट्टी माफ, दर तीन महिन्यांनी क्षेत्रसभा (प्रभागाच्या एकेका भागातील मतदारांची सभा), गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यांचे सांडपाणी अडवणे, स्थानिकांची सुनावणी झाल्याशिवाय मोठे झाड न तोडणे, आणि प्रभागातील प्रत्येक कामाचा खर्च कामाच्या जागी फलकावर लिहिणे. सिडको आणि सातपूरच्या वसाहतींत सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत फिरलो. घरे सलग घेतली, यादीवरून नाही. पक्षाचे नाव येथे देत नाही, कारण मग चर्चा पक्षावरच होईल.

गोदातीर :
मग पहिली चूक तेथेच आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला गेलेला माणूस सकाळी दहाला तुम्हाला भेटणार नाही, आणि दुसऱ्या पाळीला जाणाऱ्याला जेवून निघायची घाई असते. भेटतात ते निवृत्त पुरुष आणि स्वयंपाकात अडकलेल्या बायका, आणि त्यांना तुम्हाला लवकर वाटेला लावायचे असते. मतदार यादीतून ठरावीक अंतराने, समजा दर विसावे, नाव घ्या आणि त्याच व्यक्तीला भेटा. घरी नसेल तर संध्याकाळी पुन्हा जा, पण 'शेजारच्यांना विचारू' हा मोह टाळा.

आणखी एक विचारते, कारण तुम्ही ते सांगितलेले नाही. तुम्ही सातही जण जाता तेव्हा गळ्यात काय असते आणि सोबत कोण असते?

देवळालीचा_वाचक :
धागाकर्त्यांनी कायद्याकडेही लक्ष द्यावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२६अ प्रमाणे ठरवून दिलेल्या काळात मतदानोत्तर चाचणी घेण्यास व प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्या आयोगाचे आदेश वेगळे पाहावे लागतील.

अनघा_ना :
देवळालीचा_वाचक, माहिती चांगली आहे, पण येथे मतदानानंतरची चाचणीही नाही आणि काही प्रसिद्धही व्हायचे नाही. पक्षाच्या आतल्या बैठकीपुरता हा तक्ता आहे.

पाथर्डी_फाटा :
गळ्यात अर्थातच पक्षाचे उपरणे असते. पक्षाचे काम आहे तर ते नसून कसे चालेल? सोबत आमचे इच्छुक उमेदवार असतात. त्यांचा त्या वस्तीत चांगला परिचय आहे, त्यामुळे दार उघडले जाते.

गोदातीर :
मग तुम्हाला धोरणांविषयी मत मिळालेलेच नाही. दारात आलेल्या ओळखीच्या माणसाला तोंडावर 'तुमचे आश्वासन पोकळ आहे' असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. पाणी विचारले जाते, 'चांगले आहे' म्हटले जाते. तो पाहुणचार झाला आणि तुम्ही त्याचा तक्ता केलात.

आता असे करा. उपरणे नको, उमेदवार नको. अर्ध्या अर्जांवर पाचही धोरणे पक्षाचे नाव न देता लिहा, अर्ध्यांवर तीच धोरणे शब्दही न बदलता पक्षाच्या नावासह लिहा आणि दोन्ही अर्ज आलटूनपालटून वापरा. दोन गठ्ठ्यांच्या उत्तरांत जो फरक पडेल तो पक्षाविषयीचा अविश्वास किंवा विश्वास. बिननावाच्या गठ्ठ्यातही जे धोरण मागे पडेल ते मुळातच लोकांना नको आहे असे समजा. मताचा प्रश्न तोंडाने विचारूच नका. दिल्लीच्या लोकनीती या संस्थेच्या पाहण्यांत मतदाराला नमुना मतपत्रिका देतात आणि तो ती स्वतः खूण करून पेटीत टाकतो. विचारणाऱ्याला ती दिसत नाही. तुम्हाला पेटीच हवी असे नाही, झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबाही चालेल.

सातपूरकर :
ताई, पद्धत शास्त्रशुद्ध असेल, पण रविवारपर्यंत सात माणसांनी हे कसे करायचे? आणि मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. घरपट्टी माफ म्हटल्यावर नको कोण म्हणेल? बिननावाच्या अर्जावरही प्रत्येक जण 'हो' म्हणेल.

अनघा_ना :
हा मुद्दा मात्र सातपूरकरांचा बरोबर आहे, आणि त्यावर उपाय आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला 'हवी का' असे विचारू नये, तिच्या बदल्यात काय सोडाल ते विचारावे. मुंबईत २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कराची सूट आहे, त्यामुळे 'त्यांना आहे मग आम्हाला का नाही' हा प्रश्न आपल्याकडे साहजिक आहे. २०१८ मध्ये घरपट्टीच्या दरवाढीवरून या शहरात किती संताप उसळला होता तेही लोक विसरलेले नाहीत. पण ही माफी दिली तर रस्ते, दिवे, घंटागाडी यांपैकी कशाचा खर्च कमी झालेला चालेल, असे विचारून पाहा. 'हो' म्हणणारे किती उरतात ते कळेल. किंवा पाच धोरणांच्या पाच चिठ्ठ्या हातात द्या आणि त्यांतल्या दोनच ठेवून घ्यायला सांगा. आमच्या संस्थेने नाशिक रोडला महिला बचत गटांत हे केले होते. सगळे हवे म्हणणाऱ्या बायका चिठ्ठी परत करताना बराच वेळ विचार करत होत्या, आणि ती का परत केली हे सांगताना खरे बोलत होत्या.

शेवटच्या प्रश्नातही एक दोष आहे. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते असतात. 'आम्हाला मत द्याल का?' या प्रश्नाचा अर्थ त्याला 'चारही आम्हाला द्याल का?' असा लागतो. 'चारपैकी एखादे मत लहान पक्षाला द्यावेसे वाटते का?' असे विचारलेत तर 'बघू'च्या मागे काय आहे ते बाहेर येईल. अनेकांना एकच माणूस तेथे प्रश्न विचारायला हवा असतो, सत्ता द्यायची नसते.

सातपूरकर :
एक माणूस तेथे जाऊन काय करणार? तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे असते आणि तिचे सदस्य सोळा. पक्षाच्या संख्याबळावर जागा मिळतात. १२२ नगरसेवकांत सोळा जागा म्हणजे साडेसात नगरसेवकांमागे एक. दोन-तीन नगरसेवकांचा पक्ष स्थायी समितीत एकट्याच्या बळावर पोहोचतच नाही. मग तो घरपट्टी माफ कशी करणार? लोक हे आकडे मांडत नसतील, पण त्यांना ते पुरते ठाऊक असते. 'बघू'चा अर्थ तोच आहे.

गोदातीर :
सातपूरकर, हा या धाग्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा तुम्ही मांडलात, आणि त्यातून धोरणे निरुपयोगी आहेत असे सिद्ध होत नाही. पाच आश्वासनांत दोन जाती आहेत. घरपट्टी माफी आणि नाल्यांचे सांडपाणी यांना सभागृहात बहुमत लागते. खर्चाचा फलक आणि क्षेत्रसभा यांसाठी नगरसेवकाला स्वतःच्या प्रभागात बरेच काही करता येते. क्षेत्रसभेची तरतूद महापालिका अधिनियमातच आहे, नवा कायदा करावा लागत नाही. तेव्हा प्रत्येक धोरणापुढे दोन वेगळे रकाने ठेवा : 'हे व्हावे असे वाटते का?' आणि 'निवडून आलेला एकटा नगरसेवक हे करू शकेल असे वाटते का?' तुम्ही आतापर्यंत हे दोन्ही प्रश्न एकाच 'चांगले आहे' मध्ये कोंबले होते.

मखमलाबाद :
झाडांच्या मुद्द्यावर तपोवनाजवळच्या लोकांना अवश्य विचारा. साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून तेथे किती माणसे रस्त्यावर आली ते आपण पाहिले आहे. सिडकोत या धोरणाला मिळणारे उत्तर आणि पंचवटीत मिळणारे उत्तर एक असणार नाही. सिंहस्थ तोंडावर असताना हे धोरण घेणाऱ्या पक्षाला मी स्वतः एक मत देईन.

पाथर्डी_फाटा :
दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही, त्याबद्दल क्षमस्व. काल आणि आज संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत उपरणे न घालता गेलो. आमच्या इच्छुकांना न येण्याची विनंती केली, ते नाराज झाले, पण थांबले. यादीवरून नावे काढल्यामुळे चालणे चौपट वाढले आणि घरे फार कमी झाली. त्यामुळे याला मी तक्ता म्हणणार नाही, रविवारी 'नोंदी' म्हणूनच मांडेन.

चिठ्ठ्यांचा उपाय लागू पडला. घरपट्टी माफी मी समजत होतो तितकी वर राहिली नाही, विशेषतः भाडेकरूंनी ती लगेच परत केली. त्यांचे म्हणणे असे की सूट घरमालकाला मिळेल आणि भाडे तेवढेच राहील. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. खर्चाचा फलक मात्र अनेकांनी हातात धरून ठेवला. एका रिक्षाचालकाने विचारले, फलकावर ठेकेदाराचा फोन नंबरही लिहिणार का? मी तो प्रश्न तसाच उतरवून घेतला आहे.

सातपूरच्या एका कामगार वसाहतीत एक ताई अर्ज उलटसुलट करून पाहत राहिल्या. मागची बाजू कोरी होती. त्या म्हणाल्या, "यात पाणी किती वाजता येणार ते कुठे लिहिलंय? मी पहाटे साडेचारला उठते, नळ चालतो पाऊण तास, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी मोटर लावली की माझ्याकडे धार करंगळीएवढी होते." मागच्या आठवड्यात याच ताईंनी माझ्या हातातल्या जुन्या अर्जावर पाचही ठिकाणी 'हो' सांगितले होते. पाच आश्वासने आम्ही एका खोलीत बसून ठरवली आणि त्यांत पाण्याची वेळ नाही. रविवारी सहावा मुद्दा म्हणून पाणी मांडणार आहे, पण त्याचे धोरण काय लिहावे ते सुचत नाही. मोटर लावणाऱ्यांवर कारवाई म्हटले तर वरच्या मजल्यावरची मते जातात. यावर कोणाला काही सांगता येईल का?

अनघा_ना :
कारवाईने सुरुवात करू नका. वेळापत्रकाचे आणि दाबाचे आश्वासन द्या. पाणी सोडण्याची वेळ आदल्या दिवशी कळवणे, आणि एकाच वसाहतीत खालच्या व वरच्या मजल्यांवर प्रत्यक्ष दाब किती मिळतो ते मोजून वसाहतीच्या फलकावर लावणे. दाब मोजण्याचे काम एकटा नगरसेवकही पाठपुरावा करून घडवू शकतो. आणि त्या ताईंना रविवारच्या बैठकीला बोलवा.

सातपूरकर :
पाण्याचा मुद्दा घेतलात हे योग्य केलेत. आमच्या इमारतीत मोटर आहे आणि मी वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यावर धार बारीक होते हे मला ठाऊक आहे, पण मोटर लावली नाही तर आमच्या टाकीत पाणी चढतच नाही. दाब मोजायला याल तेव्हा दोन्ही घरांत मोजा. मी दार उघडीन.

गोदातीर :
भाडेकरू आणि घरमालक यांची उत्तरे नोंदींत वेगवेगळी लिहा, एकत्र बेरीज करू नका. आणि तुम्ही प्रभाग क्रमांक अजूनही सांगितलेला नाही. तो कळवा, म्हणजे उद्या दुपारपर्यंत त्या प्रभागाच्या यादीतून पुढची नावे कशी काढायची ते मी लिहून देते.