फ्रेंच बोलणाऱ्या मैत्रिणीला इंग्लिश इडियम्स कसे शिकवू?

शनिवारची_शिकवणी

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझ्या टीममधे एक मुलगी आहे, मातृभाषा फ्रेंच. इंग्लिश ग्रामर एकदम पक्कं, मेल तर माझ्यापेक्षा भारी लिहिते, पण मीटिंगमधे लोक भराभर बोलायला लागले की गप्प होते. म्हणून आम्ही ठरवलं की दर शनिवारी तासभर कॉल, अर्धा तास ती मला फ्रेंच शिकवणार आणि अर्धा तास मी तिला इंग्लिश.

आता झालं असं की मागच्या वेळी शेवटी मी सहज म्हणाले "लेट्स कॉल इट अ डे" (म्हणजे आज इथेच थांबूया), तर तिने वहीत "कॉल" आणि "डे" लिहिलं, दोन्हीखाली रेघ मारली आणि विचारलं, कुठल्या दिवशी फोन करू? एकही शब्द नवा नव्हता बघा त्यात, तरी वाक्य कळलं नाही, आणि मी अर्थ सांगितल्यावर तिचा चेहरा पडला तो पडलाच. त्याच्या आधी एकदा घसा बसलेला असताना सगळ्यांसमोर म्हणाली "आय हॅव अ कॅट इन माय थ्रोट". फ्रेंचमधे घशात मांजर येतं म्हणे, इंग्लिशमधे बेडूक. लोकांना काही कळेना आणि तेव्हापासून ती अजूनच कमी बोलते.

मी नेटवरून शंभर इडियम्सची यादी काढून दिली होती, तिने मन लावून पाठ केली, दोन आठवड्यांत सगळं सपाट. कसं शिकवायचं हे?

जुना_मास्तर

ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. मी फ्रेंच भाषिकांना बरीच वर्षं इंग्लिश शिकवलंय आणि माझा अनुभव असा की त्यांना सगळे इडियम्स सारखे अवघड जात नाहीत, म्हणून एका यादीत कोंबून उपयोग नाही.

काही तर त्यांच्याकडे जसेच्या तसे आहेत. ब्रेक द आइस (सुरुवातीचा संकोच मोडणं), इन द सेम बोट (सगळे एकाच अडचणीत), आणि पीस ऑफ केक (अगदी सोपं काम) याला सुद्धा फ्रेंचमधे केकच आहे. हे शिकवायचेच नाहीत, फक्त सांगायचं की बाई हे तुला येतंय, बिनधास्त वापर. घाबरलेल्या माणसाला याने फार धीर येतो.

दुसरे म्हणजे चित्र पूर्ण वेगळं असलेले. कधीच न होणाऱ्या गोष्टीला इंग्लिशमधे डुकरं उडतील तेव्हा, फ्रेंचमधे कोंबड्यांना दात येतील तेव्हा. इंग्लिशमधे एखादी महागडी वस्तू हात आणि पाय देऊन घ्यावी लागते, फ्रेंचमधे डोक्यातले डोळे द्यावे लागतात. नाव काढलं आणि माणूस हजर, तर इंग्लिशवाले सैतान म्हणतात आणि फ्रेंचवाले लांडगा. हे विचित्र असतात म्हणूनच डोक्यात बसतात, त्यांची काळजी करू नका.

खरं घोडं पेंड खातं ते अर्धवट सारख्या असलेल्यांपाशी. कामाचा क्रम उलटा केला की इंग्लिशमधे गाडी घोड्यापुढे लावतात, फ्रेंचमधे नांगर बैलांपुढे. आता पुढचं तुमच्या हातात, तर इंग्लिशमधे बॉल तुमच्या कोर्टात, फ्रेंचमधे तुमच्या कँपात. झोपलेला कुत्रा उठवू नये असं इंग्लिश म्हणतं, फ्रेंच म्हणतं झोपलेलं मांजर. ओळखीचं वाटतं म्हणून विद्यार्थी थांबतच नाही, आपल्या भाषेतला शब्द सरळ उचलून तिकडे ठेवतो. तुमच्या मैत्रिणीचं मांजर असंच आलं. अशा जोड्या मात्र शेजारी शेजारी लिहून घ्यायला लावा आणि बदललेल्या एका शब्दाला गोल करायला सांगा. आठवड्याला चार जोड्या, त्यापेक्षा जास्त नको.

रोजचं_बोलणं

मास्तरांचं पटलं पण पूर्ण नाही. बॉल कँपात टाकला तरी समोरच्याला कळतंच की, काम अडत नाही. अडतं कुठे तर "कॉल इट अ डे" मधेच. अंडर द वेदर (तब्येत बरी नसणं), स्टँड समवन अप (भेटायचं ठरवून न येणं), पुट अप विथ (सहन करणं), सगळे बारीक बारीक ओळखीचे शब्द, त्यामुळे आपल्याला कळलं नाहीये हेच कळत नाही, डिक्शनरीत शोधावं असंही वाटत नाही.

त्यात फ्रेंचमधे अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकच आटोपशीर क्रियापद असतं. पुट अप विथच्या जागी त्यांच्याकडे "सुपोर्ते", मग इंग्लिशमधे म्हणतात "आय कान्ट सपोर्ट हिम", म्हणायचं असतं मला तो सहन होत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं पाठिंबा देणार नाही. इथे खरंच गैरसमज होतात. तर माझं मत, आधी हे घ्या, डुकरं आणि कोंबड्या नंतर. आणि सुरुवातीला फक्त ऐकून ओळखता येणं एवढंच ध्येय ठेवा. स्वतः वापरायची घाई नको, दहा ओळखता आले आणि दोन वापरता आले तरी मीटिंगमधे माणूस हरवत नाही.

पावसाळी_ढग

एक छोटं सांगते. इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज सगळ्या यादीत पहिलं असतं पण आता लोक साधं "इट्स पोअरिंग" म्हणतात, तेच शिकवा. हां, तुमच्या गप्पांसाठी मात्र हा विषय मस्त आहे कारण फ्रेंचमधे पावसाच्या दोऱ्या पडतात, कॅनडातल्या क्यूबेकच्या फ्रेंचमधे खिळे पडतात आणि आपल्याकडे मुसळधार, म्हणजे मुसळाएवढ्या धारा. तिला आपलं सांगा, मग ती तिचं सांगेल, आणि एकमेकींना सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

आणि हे पण सांगा, कोणाला न सांगता गुपचूप सटकण्याला इंग्लिशमधे "फ्रेंच लीव्ह" म्हणतात आणि फ्रेंचमधे "इंग्रजी पद्धतीने सटकणं". दोघांनी एकमेकांवर ढकललंय. हे एकदा ऐकलं की कोणी विसरत नाही.

शनिवारची_शिकवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल करून पाहिलं. यादी काढलीच नाही, तिला म्हटलं आठवडाभरात मीटिंगमधे जे कळलं नाही ते जसं ऐकू आलं तसं लिहून आण. तिने सहा वाक्यं आणली आणि सहापैकी पाच अशीच निघाली, साध्या शब्दांची, म्हणजे रोजचं_बोलणं यांचं अगदी बरोबर. मग मी विचारलं की फ्रेंचमधे अशा वेळी काय म्हणाल, तर स्टँड समवन अपला ती म्हणाली आमच्याकडे "ससा ठेवतात". म्हणजे भेटायचं ठरवून माणूस आलाच नाही तर त्याने ससा ठेवला! यावर आम्ही दहा मिनिटं बोलत होतो, आणि पूर्ण दहा मिनिटं ती इंग्लिशमधे बोलत होती, न अडखळता.

एक शंका राहिली. "पीस ऑफ केक" तुला येतं म्हटल्यावर ती खूश झाली आणि लगेच "इट वॉज अ पीस ऑफ द केक" म्हणाली. हे चालतं का?

जुना_मास्तर

नाही चालत, "द" घातला की खरा केक ताटात येतो. इडियमचे शब्द जागचे हलवायचे नसतात, किक द बकेट (म्हणजे मरणं) याचं किक अ बकेट केलं तर मेलेला माणूस उठून बादलीला लाथ मारतो. मात्र सगळे एवढे ताठ नसतात, "स्पिल द बीन्स"चं "द बीन्स वेअर स्पिल्ड" केलं तरी गुपित फुटलं हा अर्थ टिकतो. कुठला हलतो आणि कुठला नाही हे नियमाने सांगता येत नाही, म्हणून पूर्ण वाक्य लिहायचं आणि पूर्ण वाक्यच मोठ्याने म्हणायचं. तिने ती सहा वाक्यं आणली ना, तीच पुढच्या शनिवारी वही न बघता म्हणून घ्या. आणि रोजचं_बोलणं, तुमचा मुद्दा मान्य, क्रम तुम्ही म्हणता तोच ठेवावा.