मुळात परीकथा सोवळ्या नव्हत्याच

‘निरागस परीकथांत आताच्या लेखकांनी शृंगार घुसडला’ असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यातली रापुन्झेल भाबडेपणाने विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होताहेत? राजपुत्राची ये-जा चालू होती, तिला दिवस गेले होते. पुढच्या आवृत्त्यांत हे वाक्य गाळलं गेलं. ‘स्लीपिंग ब्यूटी’चं जुनं रूप असलेल्या, सतराव्या शतकातल्या बाझिले या लेखकाच्या इटालियन कथेत तर झोपलेल्या तालियावर राजा जबरदस्ती करून निघून जातो. ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते आणि बाळ बोट चोखताना त्यातली कुसळ निघते, तेव्हा जागी होते. राजपुत्राच्या चुंबनाने जागं होणंबिणं नंतरचं!

म्हणून मला इंग्रजी लेखिका अँजेला कार्टरचा ‘द ब्लडी चेंबर’ (१९७९) हा परीकथा नव्याने सांगणारा कथासंग्रह मोलाचा वाटतो. बायकांना मारणाऱ्या नवऱ्याच्या, ‘ब्लूबिअर्ड’च्या जुन्या कथेत बायकोला भाऊ वाचवतात. कार्टरच्या शीर्षककथेत तिची आई घोडा फेकत येते आणि जावयाला गोळी घालते. मुख्य म्हणजे नवऱ्याबद्दलचं आकर्षण, किळस, भीती हे सगळं ती नवी नवरी स्वतः सांगते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’वर बेतलेल्या दुसऱ्या एका कथेत वाघ नायिकेला चाटत जातो, कातडीचे थर गळतात आणि खाली तिची स्वतःची लव चमकते. मूळ कथेतल्या पशूसारखं त्याने माणूस व्हायची गरजच उरत नाही.

झोपलेल्या मुलीची असहायता चवीने रंगवणारी पुनर्कथनंही निघतात. ती मात्र मला बाझिलेच्या राजाच्याच बाजूची वाटतात, कितीही आधुनिक म्हणवली तरी.