'७७७ मारा, काम फत्ते' म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

पलासियाकर:
परवा इथे एका सज्जनांनी सल्ला दिला: "/व्हार भरलं? डेटाबेसचा फोल्डर उचला, /होममध्ये टाका, चमॉड ७७७ मारा, अ‍ॅपआर्मर बंद करा. काम फत्ते." (/व्हार म्हणजे डिस्कचा तो भाग जिथे डेटाबेस राहतो, /होम वापरणाऱ्यांच्या फाइलींचा; चमॉड ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी; अ‍ॅपआर्मर म्हणजे प्रोग्रामला ठरलेल्या फाइलींबाहेर जाऊ न देणारा पहारेकरी.) खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा माझ्या मावसभावाचा.

त्याचं दवाबाजारात औषधांचं ठोक दुकान, बिलिंग उबुंटू लिनक्सवर, डेटाबेस मायएसक्यूएल. सोमवारी साडेदहाला फोन. "दादा, बिल निघेना, गिऱ्हाईक काउंटर ठोकून राहिलेत." जिरावण घातलेले पोहे तसेच टाकून पळालो. बघतो तर एरकोड १३, म्हणजे परवानगी नाही. सगळ्या फाइलींचा मालक रूट, म्हणजे अ‍ॅडमिन! कॉपी करताना सीपी -आर केलं होतं, मूळ मालक तसाच ठेवणारं -ए नाही. मग घाबरून त्याने ७७७ थेट सेटिंगच्या फोल्डरला, /ईटीसी/मायएसक्यूएललाही मारलं. कॉन्फिग फाइल सगळ्यांना लिहायला मोकळी दिसली की मायएसक्यूएल ती वाचतच नाही. म्हणजे डेटाडिर, डेटाचा पत्ता, बदलूनही तो शोधतोय जुन्याच जागी, जिथे आता काही नाही.

आणि अ‍ॅपआर्मर बंद कशाला? त्याच्या ट्युनेबल्सच्या एलियास फाइलमध्ये जुन्या जागेऐवजी नवी जागा सांगणारी एक ओळ टाकायची, शेवटचा स्वल्पविराम विसरायचा नाही, रीलोड. दोन मिनिटं लागतात.

सरवटे_स्टँड:
सल्ला माझा होता, नाव घेऊन बोला. चार क्लायंटकडे तीन वर्षं मस्त चालून राहिलंय. भावाला सीपी येत नाही, त्याचं बिल माझ्या नावावर? आतल्या खोलीतलं मशीन, नेट नाही, त्याला वाचवायचं कुणापासून? मुनीमजींपासून?

पलासियाकर:
मुनीमजींच्या नातवाच्या पेनड्राइव्हपासून. तीन वर्षं काही झालं नाही, याला तुम्ही व्यवस्था म्हणता?

रात्रपाळी:
दोघांचंही अर्धंच बरोबर. डेबियन-उबुंटूवर मारियाडीबीबरोबर (मायएसक्यूएलचंच भावंड) अ‍ॅपआर्मरची प्रोफाइल, म्हणजे नियमांची फाइल, मुद्दाम रिकामी येते, ती काहीच अडवत नाही. अडवते ती सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटमधली प्रोटेक्टहोम=ट्रू ही ओळ. त्या सर्व्हिसला /होमच्या आत जाताच येत नाही, मग ७७७ मारा की आणखी काही. मी एकदा रात्री दोनपासून पहाटे पाचपर्यंत डीमेसेजमध्ये, कर्नलच्या नोंदींत, 'डिनाइड' शोधत बसलो होतो. नव्हताच तो तिथे, सापडणार कुठून? डेटा /होमबाहेर, सर्व्हिसच्या डेटासाठी असलेल्या /एसआरव्हीत ठेवा आणि झोपा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी तर ७७७चा विचारही करू नये. डेटा फोल्डर ०७०० किंवा ०७५० (फक्त मालकाला, फार तर गटाला वाचायला मोकळा) नसेल तर तो सुरूच होत नाही.

पलासियाकर:
प्रोटेक्टहोमचं मान्य. पण भावाकडे मायएसक्यूएलच होता, तेव्हा माझा मुद्दा कायम.

जुनी_इंदूर:
मुळात हलवायचंच कशाला? /व्हार भरलं कशाने ते कुणी पाहिलं का? मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग, डेटातल्या बदलांच्या नोंदी, आपोआप चालू असतात आणि ३० दिवस साठतात. मायएसक्यूएलच्या आतून पर्ज करा, फाइली बाहेरून आरएमने उडवू नका. इथे तर जागा कमी पडली की उचला बिऱ्हाड. होळकरांनीसुद्धा १८१८त महेश्वरहून राजधानी इंदूरला आणली ती इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर, उगाच नाही.

भानपुरेकर:
महेश्वरहून? यशवंतराव होळकरांनी बस्तान भानपुऱ्याला नेलं होतं. १८११ला तिथेच वारले, छत्री आहे, जाऊन बघा.

जुनी_इंदूर:
गादी अहिल्याबाईंची, आणि ती महेश्वरची. भानपुऱ्याला तोफांचा कारखाना काढला म्हणून गाव राजधानी होत नाही.

भानपुरेकर:
अहिल्याबाई १७९५ला गेल्या. पुढची तेवीस वर्षं कुठे टाकलीत? तुमच्या डोक्यातली सिमलिंक (शॉर्टकट) अजून जुन्याच पत्त्यावर आहे.

जुनी_इंदूर:
जरा सांभाळून बोला. आमचे पूर्वज महेश्वरला दप्तरात कारकून होते. मोडीतली बाडं अजून माळ्यावर आहेत.

भानपुरेकर:
वाचता येतात का?

जुनी_इंदूर:
मोडी वाचणारे आजोबा गेले. म्हणून काय बाडं खोटी ठरली?

रात्रपाळी:
फोटो तरी काढून ठेवा हो. वाळवीपुढे काही चालत नाही.

जुनी_इंदूर:
दिवाळीला माळा काढतो तेव्हा बघू. राजधानी महेश्वरच.

पलासियाकर:
इतिहास संपला असेल तर सरवटेसाहेब उत्तर देतील का? की चार क्लायंट पुरेत?

सरवटे_स्टँड:
तीन म्हणा. चौथ्याकडे काल नवं मशीन लावलं, त्यात मारियाडीबी. सकाळपासून उठत नाहीये. सांगणार नव्हतो. /एसआरव्ही म्हणालात ना?

रात्रपाळी:
हो. /एसआरव्ही/मारियाडीबी.

पलासियाकर:
सीपी -ए करा, मालक तपासा. आणि कॉपीच्या आधी सर्व्हिस थांबवा.

सरवटे_स्टँड:
थांबलेलीच आहे हो.