फोन माझा, पण भाटकार कोण? नको असलेल्या अपडेटचे अनुभव लिहा

डिचोली

गेल्या चवथीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती. नारळाची पेड, सुपारीचे कातरे, कांगलां, सगळं जागच्या जागी लागलं होतं. धाकटा भाऊ तारवटी. जहाजावर त्याला नेट मिळतं ते घटकाभर, तेही पाळीने. दर वर्षी तो तेवढ्या वेळात व्हिडिओ कॉलवर माटोळी बघतो आणि "ह्यंदा कातरे कमी घातलेत" असं काहीतरी बोलून आईला चिडवतो.

आईने फोन स्टुलावर तांब्याला टेकवून उभा केला. बाबा पदराने काच पुसायला सांगत होते. तेवढ्यात काच काळी झाली, कंपनीचं चिन्ह आलं आणि खाली आकडा: ४ टक्के. आम्ही सगळे सोवळ्यातले स्टुलाभोवती उभे. ३१ टक्के. ५८ टक्के. सत्तावीस मिनिटांनी फोन उठला तेव्हा भावाची पाळी संपली होती. त्याचे तीन कॉल येऊन गेले होते.

आईला विचारलं, तू काय दाबलंस? ती म्हणाली, दोन दिवस एक चौकट येत होती. 'आता रीस्टार्ट करा' आणि 'आज रात्री', अशी दोनच बटणं. ती 'आज रात्री' दाबायची आणि रात्री चार्जिंगला न लावता फोन बंद करून झोपायची. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच नाही.

चौकटीत 'नको' हे बटण नव्हतं. पैसे आम्ही मोजले, बिल आमच्या नावाचं, आणि घरातलं सामान कधी हलवायचं ते दुसरा ठरवणार. मला आजोबांचा भाटकार, म्हणजे जमीनमालक, आठवला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा. आपण सगळे फोनचे मुंडकार झालो आहोत का?

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. फक्त आपल्या तक्रारीत कंपन्यांची नावं नकोत, उगाच 'तुझा फोन, माझा फोन' सुरू होतं. सगळे एका माळेचे मणी.

फोंडा

मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. फोन आला की हिरवी चकती वर ओढायची हे शिकायला मला एक पावसाळा लागला होता. एका सकाळी मुलीचा फोन वाजला, मी चकती वर ओढतेय आणि फोन वाजतोच आहे. चार वेळा असं झालं. शेवटी मुलीने शेजारणीला फोन केला आणि ती हाताला कणीक तशीच लागलेली घेऊन धावत आली. मी खुर्चीत बसून चकती वर ढकलतच होते. पट्टी आता आडवी झाली होती, उजवीकडे सरकवायची!

भाचा म्हणाला, "मावशी, फोनला काही झालेलं नाही. फोन लावायचं जे अ‍ॅप आहे तेवढंच रात्रीत बदललंय." ऑगस्ट २०२५ मध्ये खूप जणांचं झालं म्हणे. त्याने अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरलं, 'अ‍ॅप इन्फो'त गेला, वरच्या तीन ठिपक्यांतून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' केलं आणि माझी जुनी चकती परत आली. मग प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं आपोआप अपडेट होणं बंद केलं. माझ्यासारख्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून क्रमाने लिहिलं आहे.

आमच्या वेळी अभ्यासक्रम बदलला की आधी शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत का होईना, पण बोलवायचे.

मालीम जेटी

आमचा ट्रॉलर आहे. जाळं कुठे टाकायचं आणि कुठे टाकायचं नाही, ह्या दोन्हीच्या खुणा मी फोनमधल्या एका साध्या अ‍ॅपवर ठेवायचो. नऊ वर्षांच्या खुणा. त्यातल्या निम्म्या खडकांच्या, बुडालेल्या सांगाड्यांच्या. तिथे जाळं गेलं की फाटलंच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने फोन घरच्या वायफायवर पडलेला, त्यात केव्हातरी मोठा अपडेट होऊन गेला. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी अ‍ॅप उघडलं तर नकाशा कोरा. नवीन अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला फोनभर कुठलीही फाईल उघडता येत नाही, परवानगीचे नियम बदललेत, हे मला नंतर कळलं. फाईल अ‍ॅपच्याच कपाटात, म्हणजे त्याच्या फोल्डरमध्ये, होती; अ‍ॅप मात्र ती जुन्या जागी शोधत होतं.

चूक माझीही आहे. पोरगा म्हणाला, "काढून परत टाक, होईल." मी अ‍ॅप काढलं. त्याच्याबरोबर त्याचं कपाटही गेलं.

बाबा अजून आहेत, ८१ वर्षांचे. त्यांच्या खुणा जमिनीवरच्या. आग्वादचा दीपस्तंभ अमुक माडांच्या टोकाशी आला आणि मागची टेकडी त्याच्या डाव्या खांद्यावर बसली, की खाली खडक. दोन दिवस त्यांना होडीत बसवून फिरवलं. सहा खुणा मिळाल्या. दोन मिळाल्या नाहीत, कारण ते माडच आता नाहीत, तिथे हॉटेल आहे. आता वही ठेवतो, आणि फाईलची एक प्रत बायकोच्या फोनवर.

म्हापसा

मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून जरा लांब लिहितो. शुक्रवारी बाजाराला आलेले लोक चोणक-मानकुरादच्या पिशवीसकट माझ्या काउंटरवर येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, काल अपडेट झाला आणि आज बिघडला."

निम्म्या वेळा अपडेटचा दोष नसतो, किंवा एकट्याचा नसतो. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत राबत असतो. सगळी अ‍ॅप्स नव्याने जुळवतो, फोटो परत चाळतो. तापतो, बॅटरी खातो. बॅटरी तीन वर्षांची असेल तर तिची कुवत तेव्हाच उघडी पडते. झाकण काढून मी गिऱ्हाइकाला दाखवतो, फुगलेली बॅटरी तळलेल्या पापडासारखी वर आलेली असते. ती अपडेटने फुगवलेली नाही, आधीच फुगत होती.

पण उरलेल्या निम्म्या वेळी माणूस खरं बोलत असतो. तो म्हणतो, "मग जुनं सॉफ्टवेअर घाल परत." इथे माझे हात बांधलेले. बऱ्याच फोनच्या चिपमध्ये एक आकडा असतो. तो वाढू शकतो, कमी होऊ शकत नाही. काही चिपमध्ये त्यासाठी बारीक फ्यूज असतात, एकदा जळले की जळले. त्या आकड्याच्या मागचं सॉफ्टवेअर घातलं तर फोन उठतच नाही. कारण देतात ते खोटं नाही: चोराने जुनं, भोकं असलेलं सॉफ्टवेअर घालून कुलूप उघडू नये. पण ह्या कुलपाने चोर आणि मालक दोघेही बाहेर राहतात. गंमत म्हणजे अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून दोन खोल्यांची सोय आहे. तुम्ही एका खोलीत राहता, नवीन सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या खोलीत भरतात, रीस्टार्टला तुम्हाला तिकडे नेतात. नवीन खोलीत फोन उठलाच नाही तर परत जुन्या खोलीत आणतात. उठला आणि तुम्हाला आवडला नाही, तर मात्र मागचं दार नाही.

मी बघितलेलं सगळ्यात सरळ उदाहरण पिक्सेल ४ए चं. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ह्या जुन्या फोनला आपोआप एक अपडेट पाठवला आणि काही फोनांची बॅटरी मुद्दाम कमी भरू लागली. मागे जायला लागणारी जुनी सॉफ्टवेअरंही कंपनीने आपल्या साइटवरून काढली. बदल्यात फुकट बॅटरी, ५० डॉलर किंवा नवीन फोनवर सूट. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक यंत्रणेच्या नोटिशीत बॅटरी तापून आग लागण्याचा धोका लिहिला होता. म्हणजे कारण बरोबर असेल. पण सकाळी चार्ज केलेला फोन दुपारी मान टाकतो तेव्हा आपलं कुठे चुकलं असं त्या माणसाला वाटतं. ते दाबायला नको होतं का, असं मला विचारतात. अहो, तुम्ही काही दाबलेलंच नाही.

घरी एवढं करा: सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर 'वायफायवर आपोआप डाउनलोड' बंद करा. 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स' असेल तर तेही बंद. बाकीच्या गोष्टींना हात लावू नका. आणि मालीमवाले दादा, अ‍ॅप काढण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतं हो, फाईल वाचली असती.

वाळपई

आमच्या वाड्यावर रेंज नाही, त्यामुळे अपडेटही नाही. फोन तालुक्याला नेला की एकदम अठरा अपडेट येतात, मी परत घरी येतो.

पर्वरी

थोडं उलट बोलतो, रागावू नका. मी ह्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातला, आणि मीच दोन वर्षं हट्टाने अपडेट घेतला नव्हता. जुना चेहरामोहरा आवडायचा. एक दिवस बँकेच्या अ‍ॅपने दार लावलं: तुमचा फोन जुना, इथे चालणार नाही. मासळीवालीला पैसे द्यायचे होते, रोख नव्हती, बांगडे परत टोपलीत गेले.

त्यापेक्षा वाईट वडिलांच्या फोनवर झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाईल आली, त्यांनी उघडली. बँकेने वेळेवर खातं गोठवलं म्हणून वाचलो. सुरक्षेची ठिगळं खरंच लागतात. २०१६ मध्ये नोट ७ हे फोन पेटत होते आणि लोक ते परत करत नव्हते, तेव्हा सॅमसंगने अपडेट पाठवूनच त्यांचं चार्जिंग ६० टक्क्यांवर अडवलं. त्यात माझा मालकी हक्क गेला असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. छपराचं गळणं बंद करायला आलेला माणूस जाताना भिंतींचा रंग बदलून, दोन जाहिराती चिकटवून आणि न मागितलेली चार अ‍ॅप्स ओट्यावर ठेवून जातो. गळती थांबवायची तर हे सगळं घ्यावंच लागतं. दोन्ही कामं वेगळी करता येतात हे ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. महिन्याचा सुरक्षा पॅच वेगळा येतोच की.

वास्को

कॉलेजला आहे. भाटकार नको म्हणून बूटलोडर, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर घालू न देणारं कुलूप, उघडला. कंपनीने आधी १६८ तास थांबायला लावलं, मुलीला मागणी घातल्यासारखं. मग मोकळं सॉफ्टवेअर टाकलं. जाहिरात नाही, आगाऊपणा नाही, अपडेट मी म्हणेन तेव्हा. दोन बँकांची अ‍ॅप्स मात्र फोनला ओळख देईनात. आता खिशात दोन फोन: एक माझा, एक बँकेचा.

मडगाव

वकिली करते. डिचोलीकर, मुंडकाराची उपमा चुकली. मुंडकाराला १९७५ चा कायदा आहे. भाटकाराला त्याला मनाला येईल तसं घराबाहेर काढता येत नाही, राहतं घर विकत घ्यायचाही हक्क आहे. तुमची अवस्था त्याहून पडती. तुम्ही विकत घेतलं ते यंत्र. आतल्या सॉफ्टवेअरचा फक्त वापर-परवाना, तो 'मला मान्य आहे'च्या खाली दडलेला असतो.

तरी सगळं हातातून गेलेलं नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, कारण अपडेटने जुने फोन मंदावले होते. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅपलला अडीच कोटी युरो लावले, ते मंदावल्याचं ग्राहकाला न सांगितल्याबद्दल. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने आयफोनच्या अपडेटनंतरच्या तक्रारींवर कंपनीकडे खुलासा मागितला. आणि सरकारलाही ह्या दाराचा मोह होतो बरं. २८ नोव्हेंबर २०२५ चा संचार साथी ह्या सरकारी अ‍ॅपचा आदेश आठवा. नव्या फोनात अ‍ॅप आधीच घाला, आणि तयार होऊन बाजारात गेलेल्या फोनांत अपडेटमधून पोचवा, असं त्यात होतं. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

आता माझं स्वतःचं. रात्री अपडेट, सकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. वॉरंटी संपून चाळीस दिवस झालेले. सर्व्हिस सेंटरवाल्याने १३,८०० रुपये सांगितले. मी म्हटलं, जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, 'अपडेटनंतर' असं लिहा. तो लिहीना. मी खुर्चीतून उठेना. पाऊण तासाने त्याने लिहिलं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार अपडेटनंतर'. तेवढे शब्द मला पुरे होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या नंबरवर तक्रार नोंदवली, जॉबशीट, बिल आणि रेघेचा व्हिडिओ जोडला. सात आठवड्यांनी पडदा फुकट बदलून मिळाला. नसता मिळाला तर मडगावला जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. जॉबशीटशिवाय फोन काउंटरवरून हलवू देऊ नका.

फोंडा

वकीलबाई, एक शंका. फोन नवीन आणला तेव्हा ते 'मला मान्य आहे' मी दाबलेलं नाही. मी स्वयंपाकघरात होते, भाच्याने दाबलं. मग तो करार कोणाशी झाला? भाचा तर आता दुबईला आहे.