डिझेल परताव्याचा कोटा वाढवून मागावा की दुसरे काही? मच्छीमार संस्थेच्या टिपणासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेचे हिशेब मी पाहतो. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून सवलतींची चर्चा जोरात आहे, आणि संस्थेने शासनाकडे काय मागावे याचे टिपण मला करायचे आहे. बहुतेक सभासदांचा कल करपरताव्यास पात्र डिझेलचा कोटा वाढवून मागण्याकडे आहे.

माझी अडचण अशी आहे. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी 1954 मध्येच मांडले होते की, ज्या समुद्रात कोणालाही उतरता येते तेथे नफा दिसतो तोवर नौका वाढत राहतात आणि शेवटी एकूण उत्पन्न व एकूण खर्च यांची तोंडमिळवणी होऊन निव्वळ फायदा कोणाच्याच पदरात उरत नाही. या न्यायाने डिझेल स्वस्त झाले की आज न परवडणारी फेरी परवडू लागेल, नौका अधिक दूर जातील, मासळी विरळ होईल आणि काही हंगामांनी आपण पुन्हा तोट्याच्या काठावर येऊ.

वहीतले चित्र मात्र इतके सरळ नाही. डिझेल, बर्फ आणि रेशन वजा जाता उरलेल्या रकमेत तांडेल (नौकेचा प्रमुख) व खलाशांचा वाटा असतो, ही जुनी रीत. पण पर्ससीनवरील (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे मोठे जाळे वापरणाऱ्या नौकांवरील) नेपाळी खलाशी पगारावर असतात आणि हंगामापूर्वीच त्यांना उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते, त्यामुळे मासळी मिळो न मिळो, मालकाला नौका पाठवावीच लागते. उद्या परतावा बंद झाला तर आधी लहान गिलनेटवाले (पाण्यात उभे जाळे लावून मासे अडकवणारे) किनाऱ्याला बसतील, बडे मालक नव्हेत. उलट रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने जाळे ओढणाऱ्यांना, या सवलतीचा जवळजवळ काहीच लाभ नाही. जो जास्त डिझेल जाळतो त्यालाच जास्त मिळते, हे मला तरी खटकते.

5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनचे नवे परवाने थांबवले. नौकांची संख्या गोठवली तरी गॉर्डन यांचा निष्कर्ष लागू पडतो का? आणि मासेमारीचा ताण न वाढवता मच्छीमाराच्या हाती पैसा देणारी सवलत कोणत्या स्वरूपाची असावी?

प्रतिसाद:

आपला पहिला प्रश्न अलास्कातील हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाच्या मासेमारीत स्पष्ट झालेला आहे. तेथे एकूण किती मासा धरायचा याची मर्यादा ठरलेली होती, पण ती संपण्याआधी आपला वाटा उचलण्याची शर्यत लागल्यामुळे 1990 च्या सुमारास वर्षाचा हंगाम काही भागांत दोन-तीन दिवसांवर आला. 1995 मध्ये प्रत्येकाला स्वतःचा कोटा ठरवून दिल्यावर तोच हंगाम सुमारे आठ महिने चालू लागला. तेव्हा केवळ परवाने गोठवून भागत नाही. संख्या तीच राहून इंजिनाची अश्वशक्ती आणि जाळ्याची लांबी वाढते.

तो कोटा कोकणात जसाच्या तसा आणण्याचा आग्रह मात्र धरू नये. ट्रॉलरच्या एका ओढीत राणी, म्हाकूल, ढोमा, कोळंबी असे सगळे मिसळून येते आणि त्याचे जातवार वजन धक्क्यावर रोज कोण करणार, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, मदत डिझेलच्या लिटरशी न जोडता पावसाळी मासेमारीबंदीच्या काळाशी जोडावी. सध्याच्या योजनेत मच्छीमाराचे 1500 आणि शासनाचे 3000 मिळून बंदीकाळासाठी 4500 रुपये मिळतात. शासनाचा हा हिस्सा वाढवून मागणे मला अधिक रास्त वाटते, कारण त्या पैशासाठी एकही जादा फेरी मारावी लागत नाही आणि रापणकरही त्यात बसतो.

सभासदांना हे पटवायचे असेल तर संस्थेच्या पंपाच्या नोंदी आणि लिलावाच्या वह्या जुळवून दर किलो मासळीमागे किती लिटर डिझेल जळाले ते हंगामवार काढा, आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येक नौकेची अश्वशक्ती लिहा. लहान आणि मोठ्या नौकांचे आकडे वेगळे ठेवावेत. एकत्र सरासरीत लहान नौकांची स्थिती झाकली जाते.