घराखालच्या पोकळीत उंदीर शिरतायत, कायमचा बंदोबस्त कसा करायचा?

ओसरी_२
नमस्कार मंडळी. आमचं घर जोत्यावर उचललेलं आहे आणि खाली जेमतेम सरपटत जाता येईल एवढी पोकळी आहे, क्रॉल स्पेस म्हणतात ती. गेले काही दिवस रात्री सिंकच्या बाजूला जमिनीखालून खुडबुड ऐकू येते. काल छोटं दार उघडून टॉर्च मारला तर एका कोपऱ्यात इन्सुलेशन (उष्णता-थंडी अडवणारं अस्तर) ओरबाडून खाली लोंबतंय आणि भिंतीच्या कडेने बारीक टोकदार लेंड्या पडल्यात, अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. घरात रांगतं मूल आहे आणि मांजर पण आहे, त्यामुळे औषध टाकायला मन धजत नाही. आवाजाने उंदीर पळवणारं ते प्लगमधलं यंत्र घेऊ का? आणि हवेसाठी ज्या खिडक्या ठेवल्यात त्या सरळ बुजवून टाकल्या तर चालेल का? मला दर पावसाळ्यात तेच तेच करायचं नाहीये, एकदाच नीट करायचंय.

गिलावा
ताई, लेंड्यांच्या मापावरून छोटा घरउंदीर वाटतोय, मोठ्या उंदराच्या लेंड्या दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत असतात. हे बघणं महत्त्वाचं कारण त्यावर भोकाचं माप ठरतं. छोट्या उंदराला ६ मिमीची फट पुरते, म्हणजे जिथून पेन्सिल जाते तिथून तो जातो, मोठ्याला साधारण १२ मिमी लागते. त्यामुळे "एवढ्याशा फटीतून काय येणारेय" असं म्हणून एकही जागा सोडू नका.

त्या आवाजाच्या यंत्रावर पैसे घालवू नका. तो आवाज भिंती आणि सामानाच्या पलीकडे जात नाही आणि उंदीर थोड्या दिवसांत सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० वर कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दावे करताय तर शास्त्रीय पुरावा हवा.

आता फटी शोधायच्या कशा, तर दिवसा भर उन्हात आत जा, दार लावून घ्या, टॉर्च बंद करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे खडूने खूण करा. मग बाहेरून चक्कर मारून पाण्याचे, गॅसचे, एसीचे पाइप आणि केबल जिथे भिंतीतून आत जातात ती प्रत्येक जागा बोटाने चाचपा, बहुतेक वेळा चोर तिथेच असतो कारण पाइप बसवणारा भोक मोठं पाडतो आणि कडेची पोकळी तशीच सोडून जातो. नेहमीच्या वाटेवर भिंतीला अंग घासून काळपट तेलकट डाग पडलेले दिसतील. एखादं भोक चालू आहे की जुनं हे कळत नसेल तर त्यात चुरगाळलेला कागद सैलसर कोंबून ठेवा, दोन-तीन दिवसांत बाहेर ढकलला गेला की समजा वाहतूक चालू आहे.

हवेच्या खिडक्या अजिबात बुजवू नका!! खाली ओल साठून लाकूड कुजायला लागेल, ते उंदरांपेक्षा महागात पडतं. तिथे ६ मिमी चौकोनाची गॅल्व्हनाइज्ड वेल्ड केलेली जाळी चारी बाजूंनी स्क्रू आणि वॉशर लावून बसवा. मच्छरदाणीची नायलॉन किंवा ॲल्युमिनियमची जाळी उंदीर आरामात फाडतो.

पाइपाभोवतीच्या फटीत तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट किंवा सीलंट. साधी स्टील वूल ओलीत गंजून भुगा होते. नुसता फुगणारा फोम मारून कोणी काम संपवत असेल तर त्याला थांबवा, उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्याला सतत कुरतडायला लागतंच, फोम त्याच्यासाठी काहीच नाही.

रात्रपाळी
वरचं सगळं बरोबर आहे पण एवढं सगळं होईपर्यंत त्यांची पिल्लावळ वाढणार त्याचं काय? मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात. मी तर पहिल्याच दिवशी औषधाच्या वड्या टाकल्या असत्या, बंद डब्यात ठेवल्या की मुलाचा हात पोचत नाही.

गिलावा
घाई करायला हवी हे खरंय, पण घराखाली औषध नको असं माझं ठाम मत आहे. त्या वड्या रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर मरायला कित्येक दिवस लागतात, तो मरतो इन्सुलेशनमध्ये किंवा भिंतीच्या पोकळीत, हात पोचणार नाही अशा जागी, मग वास काढत बसा. आणि विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. डबा मुलाला अडवेल, उंदराला बाहेर फिरण्यापासून कसा अडवणार? ताईंकडे मांजर आहे म्हणून जास्त सांगतोय.

त्यापेक्षा खटक्याचे सापळे लावा. ते भिंतीला काटकोनात ठेवायचे, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण उंदीर मिशा भिंतीला लावून कडेकडेनेच पळतो. आमिष वाटाण्याएवढंच, शेंगदाण्याचं बटर चिकटून राहतं म्हणून चांगलं. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, तेव्हा दोन-तीन मीटरवर एक असे भरपूर लावा, एक-दोन लावून काही होत नाही. मोठे उंदीर असतील तर ते नव्या वस्तूला बिचकतात, त्यांच्यासाठी सापळा न ताणता आमिष लावून काही दिवस तसाच ठेवायचा, खायला लागले की मग ताणायचा. चिकट पुठ्ठे कृपया नकोत, जीव तासन्तास तडफडतो. सापळे लावलेत तोवर मांजर खाली जाणार नाही एवढं बघा.

क्रम असा, की बाकीच्या फटी आधी बुजवा आणि आत सापळे चालू ठेवा, चार-पाच रात्री सापळे रिकामे आणि आवाज बंद झाला की मुख्य भोकही बंद.

स्वच्छ_श्वास
खाली सरपटत जाण्याआधी हे वाचा ताई. वाळलेल्या लेंड्या आणि मुताची धूळ श्वासातून आत जाऊन हंताविषाणूसारखे आजार होऊ शकतात, लेप्टोस्पायरोसिस पण उंदराच्या मुतातून येतो. झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम तर नाहीच नाही. आधी दार आणि खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. रबरी हातमोजे, नीट बसणारा एन-९५ मास्क. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून लेंड्यांवर आणि घरट्यावर चिंब होईपर्यंत फवारा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून दुहेरी पिशवीत बांधून टाका. घाण झालेलं इन्सुलेशन धुवायच्या भानगडीत पडू नका, काढून टाका. आणि वायरीवरचं प्लास्टिक कुरतडलेलं दिसलं तर हात न लावता मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, उघडी तार आणि वाळलेलं घरटं शेजारी शेजारी असणं म्हणजे आगीला आमंत्रण.

ओसरी_२
खूप खूप आभार सगळ्यांचे! मास्क घालून अंधारात बसायचा प्रयोग केला, सिंकच्या पाइपाशेजारी उजेडाची चक्क गोल कडा दिसली, करंगळी जाईल एवढी फट. अजून दोन शंका. कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप पण तिथूनच बाहेर जातो, त्याच्या तोंडावर हीच जाळी लावू का? आणि एका बाजूला भिंतीच्या बुडाशी माती उकरलेली दिसतेय, ते काय असेल?

गिलावा
ड्रायरच्या पाइपाला जाळी नको, कापसाचा भुसा अडकून पाइप तुंबतो आणि आग लागू शकते. त्याला आपोआप मिटणारी झडप असलेलं टोपण मिळतं, ते लावा आणि झडप पूर्ण मिटते ना ते बघत जा.

उकरलेली माती म्हणजे मोठा उंदीर किंवा घूस पायाखालून वाट काढत असेल. कागदाची युक्ती तिथेही करा. बीळ चालू निघालं तर आधी त्या बाजूला मोठे सापळे लावा, शांतता झाली की भिंतीलगत फूटभर खोल चर खणा, जाळी भिंतीला पक्की करून खाली न्या आणि तळाशी बाहेरच्या बाजूला अजून फूटभर वळवून माती लोटा. खणत खणत येणारा जीव त्या आडव्या जाळीवर येऊन अडतो, मागे सरून पुन्हा सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. भिंतीला टेकलेली झुडपं, लाकडं, अडगळ दोन फूट लांब हलवा, म्हणजे नवं बीळ पडलं तर लगेच दिसेल. आणि ते छोटं दार विसरू नका, लाकडी असेल तर खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका.

ओसरी_२
जाळी घरातल्या कात्रीने कापली जाईल का?

गिलावा
नाही, पत्रा कापायची कात्री लागेल. जाड हातमोजे घाला, कापलेली टोकं फार बोचतात. खिडकीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवूनच कापा.