कुत्रा स्वतःचं खाणं खात नाही, आमच्याच भांड्यातलं दिलं तर चालेल का?

शेपूटवाली:
आमचा बंड्या साडेचार वर्षांचा. घरात माणसं पाच, आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन कार्टी. दोघंही दिवसभर ऑफिसात त्यामुळे संध्याकाळी एकाच भांड्यात भात, भाज्या आणि चिकन नाहीतर अंडी असं काहीतरी करायचं, वीस मिनिटांत मोकळं, भांडीही कमी.

तर झालंय काय, महिनाभर झाला बंड्याने त्याचं कोरडं खाणं जवळजवळ सोडलंय. सकाळी घातलेलं संध्याकाळपर्यंत तसंच. एखादा दाणा तोंडात घेतो, गालिच्यावर नेऊन ठेवतो आणि आमच्याकडे असा बघतो की आम्हीच त्याला उपाशी मारतोय. आणि आमची ताटं वाढली रे वाढली की टेबलाखाली हजर, सासूबाईंच्या पावलावर हनुवटी टेकून. बाकी चौघांना विचारतही नाही, लबाड कुठला. वजन तसंच आहे, खेळतो, फिरायला जातो.

आता वाटतंय की याच्यासाठी वेगळं काही नकोच, आमच्याच भांड्यातलं घालावं. तिखट नसतंच, मीठही बेताचं. कांदा लसूण असतो पण पार शिजून विरघळलेला. कोणी देतं का असं?

घरकोंबडा:
नका देऊ!! कांदा लसूण शिजवला काय, वाळवला काय, पावडर केली काय, कुत्र्याला बाधतोच. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. आणि त्रास लगेच दिसत नाही हा खरा घोळ आहे, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, लघवी गडद होते, तोवर आपण कांदा विसरून गेलेलो असतो. कांदा बाजूला काढून रस्सा दिला तरी उपयोग नाही, जे उतरायचं ते रश्शात उतरलेलंच असतं.

आम्ही काय करतो, चिकन आणि भाज्या नुसत्या पाण्यात शिजल्या की त्याच्या वाटणीचं आधी काढून घेतो, मग उरलेल्यात आपला कांदा, मीठ, मसाला. भांडं एकच. फक्त हाडं नकोत, शिजलेलं हाड फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात.

आळसोबा:
लाड झालेत, दुसरं काही नाही. पंधरा मिनिटं भांडं ठेवायचं, खाल्लं तर खाल्लं, नाहीतर उचलायचं. आमचा दुसऱ्या दिवशी गुपचूप खायला लागला. टेबलाखालून एकाने जरी घास दिला तरी सगळ्यांची मेहनत पाण्यात, कारण दहा वेळा नाही मिळालं आणि अकराव्यांदा मिळालं की तो वीस वेळा मागतो. आमच्याकडे तो एक म्हणजे मीच होतो, असो.

दुपारची_झोप:
घरकोंबडा यांना अनुमोदन. फक्त एक, काढून ठेवलेलं तेवढं वर टाकायला ठीक आहे, पण रोज दोन्ही वेळा नुसतं चिकन-भात असं करू नका. पोट बिघडलं की दोन-चार दिवस तेच देतात, ते वेगळं. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावाला, महिनोन्‌महिने तेच चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, आणि वाढत्या पिल्लाला तर फारच वाईट. पूर्ण घरचंच घालायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. असं वरून दिलेलं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवतात, बाकी त्याचं नेहमीचं.

आणि द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम हेही कुत्र्याला बाधतं आणि मुलांच्या हातून जातं, त्यांना आधीच दम देऊन ठेवा.

मऊ_मऊ:
शेपूटवाली, मला ते दाणा तोंडात घेऊन परत ठेवतो ते खटकलं. लाड झालेला कुत्रा वास घेऊन तोंड फिरवतो. तोंडात घेऊन टाकतो म्हणजे खायचंय पण चावताना दुखतंय असंही असू शकतं. एका बाजूनेच चावतो का बघा, तोंडाला वास येतो का, कडक खेळणं सोडलंय का. खेळतो-बागडतो म्हणून दात ठीक असं धरू नका, कुत्री दुखणं फार लपवतात. आळसोबांचा उपाय त्याआधी अजिबात नको.

शेपूटवाली:
सगळ्यांना धन्यवाद. मऊ_मऊ, काय बोललात हो.

तुमचं वाचून मी जेवताना सहज म्हटलं की याचा दात तर दुखत नसेल ना, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं मग मी त्याला भात कशाला कालवून देते? त्याला कडक चावत नाही." म्हणजे त्यांना तीन आठवडे माहीत होतं!! मी विचारलं आई, सांगितलं का नाही, तर म्हणाल्या, "सांगितलं होतं, तू म्हणालीस लाड करू नका." म्हणाले होते. फोनवर होते तेव्हा. नवरा ताटात बघून हसत होता, त्याला वेगळं बोलले.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. वरची मागची मोठी दाढ, डावीकडची, तिचा कपचा उडालाय आणि आतपर्यंत चीर गेलीय. ते शिंग की काय म्हणतात ना चावायला देतात ते, आम्हीच हौसेने आणलेलं, बहुतेक त्याचाच प्रताप. डॉक्टर म्हणाले की ज्यात आपलं नख जरासुद्धा रुतत नाही ती वस्तू चावायला द्यायचीच नाही. पुढच्या आठवड्यात भूल देऊन, एक्स-रे काढून दाढ काढणार आहेत.

तोवर त्याचंच खाणं कोमट पाण्यात भिजवून, वर घरकोंबडा यांच्या पद्धतीने आधी काढलेलं चमचाभर चिकन. भांडं दोन मिनिटांत चाटूनपुसून साफ. घालायचं काम आता अधिकृतपणे सासूबाईंकडे. त्या भिजवलेले दाणे बोटाने दाबून बघतात, एक जरी कडक लागला तरी परत पाच मिनिटं झाकून ठेवतात, आणि बंड्या शेजारी लाळ गाळत बसतो.

आळसोबा:
माझा सल्ला मागे घेतो. आमच्याचं तोंड आत्ताच उघडून बघितलं, चावला नाही पण बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत होता. दाढ काढली की कळवा.